रूझवेल्ट यांचा चढता रक्तदाब

फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा जन्म १८८२ साली न्यूयॉर्क राज्यातील हाइड पार्क येथे एका सधन घराण्यात झाला. १९२१ मध्ये, वयाच्या ३९व्या वर्षी, त्यांचे दोन्ही पाय लुळे पडले. डॉक्टरांनी पोलिओचे निदान केले. तरीही जिद्दीने ते राजकारणात परतले, १९३३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष झाले आणि सलग चार निवडणुका जिंकल्या.

पायांचे दुखणे त्यांना ठाऊक होते. दुसरा आजार मात्र कुठेही न दुखता वाढत होता. १९३५ मध्ये त्यांचा रक्तदाब १३६/७८ होता. १९३७ मध्ये तो १६२/९८ आणि १९४१ मध्ये १८८/१०५ झाला. वयाबरोबर रक्तदाब चढायचाच, असे त्या काळी अनेक डॉक्टर मानत. तो उतरवणारी चांगली औषधेही नव्हती. शिवाय महायुद्धाचा ताण होता आणि सिगारेटही सुटली नव्हती.

मार्च १९४४ मध्ये हृदयरोगतज्ज्ञ हॉवर्ड ब्रून यांनी त्यांना तपासले, तेव्हा हृदय मोठे होऊन थकलेले आढळले. विश्रांती, कमी मीठ, मोजक्या सिगारेट आणि डिजिटालिस हे औषध सुरू झाले. प्रकृतीला थोडा आराम पडला, पण रक्तदाब उतरला नाही. १२ एप्रिल १९४५ रोजी जॉर्जियातील वॉर्म स्प्रिंग्ज येथे त्यांचे चित्र काढले जात असताना डोके प्रचंड दुखत असल्याचे सांगून ते कोसळले. वरचा रक्तदाब ३००च्या पुढे, तर खालचा १९० होता. मेंदूतील रक्तस्रावाने त्याच दुपारी, वयाच्या ६३व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

१९४८ मध्ये अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम या गावात ५,२०९ रहिवाशांचा दीर्घकालीन अभ्यास सुरू झाला. चढता रक्तदाब ही वयाची साधी खूण नसून हृदयविकार आणि पक्षाघाताची पूर्वसूचना आहे, हे त्यातून स्पष्ट झाले.

वरचा आकडा १२० ते १३९ दरम्यान असला, तर त्याला २००३ मध्ये अमेरिकेत उच्च रक्तदाबाची पूर्वावस्था म्हटले गेले. रूझवेल्ट यांचा १९३५चा आकडा नेमका त्याच टप्प्यातला होता. तेव्हा ही सूचना वाचणारे कोणी नव्हते. आज मीठ आणि वजन कमी करणे, तंबाखू सोडणे, रोज चालणे हे उपाय या टप्प्यावरही उपयोगी पडतात. त्यासाठी काही दुखत नसतानाही रक्तदाब मोजून घ्यायला हवा.