डिग्री नव्हती, पण मातीखालचं कळत होतं

गव्हाचं हिरवं रोप एकाएकी पिवळं पडलं आणि पानावर एकही अळी दिसत नाही. काय कराल? उसात असं झालं की आपला शेतकरी बूड उकरून हुमणी शोधतो. दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधले शेतकरी असा प्रश्न पडला की एका बाईंना पत्र लिहायचे. त्यांचं नाव एलिनॉर ऑर्मरॉड.

त्यांचा जन्म १८२८ चा, ग्लॉस्टरशायरमधल्या जमीनदार घरातला. दहा भावंडांत त्या शेंडेफळ. शिक्षण घरीच, आईच्या हाताखाली. तेव्हा तिथली विद्यापीठं मुलींना पदवीच देत नसत. १८५२ मध्ये भुंगेऱ्यांवरचं एक पुस्तक हाती आलं आणि त्या एकट्याच शिकायला लागल्या.

१८७७ मध्ये त्यांनी एक पत्रक काढून लोकांना पिकांवरच्या किडींची निरीक्षणं पाठवायला सांगितलं. आलेल्या उत्तरांचा दरवर्षी अहवाल, तोही पदरचे पैसे घालून. हे १९०० पर्यंत चाललं!

१८८२ च्या अहवालात वायरवर्म या किडीवर खास भाग होता. ही क्लिक बीटल भुंगेऱ्याची अळी: पिवळसर, तारेसारखी कडक. मातीखाली मुळं आणि कोंभ कुरतडते. ती कुठल्या भुंगेऱ्याची, हे पक्कं करायला तिला मातीत मुळं देऊन वाढवता येतं, पण मोठी व्हायला तिला चार-पाच वर्षंही लागतात. म्हणूनच जुनं कुरण नांगरून लगेच गहू पेरला की नुकसान जास्त. अळ्या आधीपासून तिथेच असतात, फक्त त्यांचं गवत गेलेलं असतं. म्हणजे कीड यंदाची वाटते, पण तिचं मूळ मागच्या काही वर्षांत असतं.

त्यांचं सगळंच आज पटेल असं नाही. फळझाडांवर त्यांनी पॅरिस ग्रीन हे आर्सेनिकचं विष फवारायला सांगितलं, चिमण्या मारायचाही आग्रह धरला. पण १९०० मध्ये एडिंबरा विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. तिथे हा मान मिळवणारी ही पहिली स्त्री. पुढच्याच वर्षी त्या गेल्या.

तुमच्या कुंडीतल्या रोपाने मान टाकली, तर फवारा मारण्याआधी मुळाशी उकरून बघा. अळी सापडली तर मातीसकट बरणीत ठेवा, झाकणाला भोकं पाडा आणि वहीत तारीख लिहा. एलिनॉरबाईंच्या कामाची सुरुवातही अशा नोंदींपासूनच झाली होती.