कापणीयंत्राची परीक्षा

पिकलेला गहू शेतात फार दिवस थांबत नाही. दाणे झडू लागतात. त्या काळी विळ्याने जेवढा कापून होई, तेवढाच शेतकऱ्याच्या पदरी पडे. अमेरिकेतील व्हर्जिनियात १८०९ साली जन्मलेला सायरस मॅक्कॉर्मिक हे लहानपणापासून पाहत होता. त्याच्या वडिलांनी कापणीयंत्रासाठी अनेक वर्षे खटपट करून शेवटी तो नाद सोडला. सायरसने तो धरला, आणि १८३१ साली, अवघ्या बाविसाव्या वर्षी, घोड्याने ओढावयाचे यंत्र शेतात चालवून दाखविले. या कामी त्या घरी गुलाम म्हणून राबणाऱ्या जो अँडरसनचे साहाय्य होते. त्याचे नाव मात्र पुष्कळ काळ मागेच राहिले.

१८४७ साली मॅक्कॉर्मिकने शिकागोस कारखाना काढला. १८५१ साली लंडनच्या प्रदर्शनात यंत्र मांडले, तेव्हा एका मोठ्या वृत्तपत्राने त्याची थट्टा केली. मग एसेक्समधील टिपट्री येथे प्रत्यक्ष शेतात परीक्षा ठरली. गहू हिरवट, त्यात पावसाने भिजलेला! दुसऱ्या एका संशोधकाचे यंत्र त्यात अडकून पडले. मॅक्कॉर्मिकच्या यंत्राचा रहाट फिरत पीक लववू लागला, दातेरी पाते डावीउजवीकडे सरकत देठ कापू लागले, आणि पाहता पाहता ओल्या गव्हाचा पट्टा मोकळा झाला. जमलेल्या शेतकऱ्यांनी जयघोष केला. प्रदर्शनाचे मोठे पदक त्याच यंत्रास मिळाले.