धन्यता आणि दुःखभोग : रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या जीवनाचा एक अन्वयार्थ

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा विचार करताना रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे नाव अग्रभागी येते. फुलामुलांचे कवी, बालकवींचे आश्रयदाते आणि ख्रिस्तभक्तीला अभंगाचे रूप देणारे भक्त अशी त्यांची त्रिविध प्रतिमा मराठी वाचकाच्या मनात रूढ आहे. तथापि या प्रतिमेआड एक प्रश्न दडून राहतो. ख्रिस्ती श्रद्धेत आशीर्वाद आणि दुःखभोग यांचा संबंध कोणत्या स्वरूपाचा मानावयाचा? टिळकांचे चरित्र हे या प्रश्नाचे जिवंत भाष्य आहे. मात्र हे भाष्य टिळक या एकाच व्यक्तीच्या जीवनात पूर्ण होत नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या वाट्याला आलेले भोग ध्यानात घेतल्यावाचून ते अपुरेच राहते.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन कुटुंबात झाला. १८६९ ते १८७३ या काळातील त्यांचे प्राथमिक शिक्षण भिवंडीलगतच्या कल्याणात झाले. वडिलांचा स्वभाव कठोर होता, तर आई प्रेमळ आणि भक्तिपरायण होती. अकराव्या वर्षी आईचे छत्र हरपले. वडिलांच्या घरी मायेचा आधार उरला नाही, तेव्हा या मुलाने घर सोडून नाशिक गाठले. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्यांनी संस्कृत काव्यशास्त्राचे अध्ययन केले आणि पुढे काही काळ इंग्रजी शाळेतही काढला. पोरकेपणाचा हा अनुभव त्यांच्या जीवनातील पहिला दुःखसंस्कार होय. त्यांच्या उत्तरकालीन भक्तिगीतांत ईश्वर माउलीच्या रूपात पुनःपुन्हा प्रकटतो, त्यामागे वारकरी परंपरा तर आहेच. परंतु या हरवलेल्या मातृत्वाची ओढही तेथे जाणवल्यावाचून राहत नाही.

नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखले घराण्यातील मुलीशी त्यांचा विवाह झाला. हीच मुलगी पुढे लक्ष्मीबाई टिळक म्हणून प्रसिद्धीस आली. टिळकांचा संसार प्रारंभापासूनच अस्थिर होता. शिक्षकी, पौरोहित्य, छापखान्यातील जुळारीपण अशी अनेक कामे त्यांनी केली आणि सोडली. स्वभाव उदार, उतावळा आणि शीघ्रकोपी. हातचे दुसऱ्यास देऊन टाकताना घरात उद्याची सोय आहे की नाही, हे पाहण्याची वृत्ती नव्हती. १८९१ मध्ये नागपूर येथे अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांच्या भाषांतराचे काम त्यांना मिळाले. याच काळात जातिभेदाने दुभंगलेल्या समाजाला एकत्र आणील अशा नव्या धर्माची कल्पना त्यांच्या मनात घोळत होती.

१८९३ मध्ये राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका पाश्चात्त्य मिशनऱ्याची गाठ पडली. त्याने बायबलची प्रत दिली आणि दोन वर्षांत आपण ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांनी ते हसण्यावारी नेले. परंतु दिलेल्या शब्दाखातर वाचन सुरू केले. डोंगरावरील प्रवचनापर्यंत आल्यावर मात्र ग्रंथ खाली ठेवणे त्यांना अशक्य झाले. ही घटना विशेष अर्थपूर्ण आहे. मराठी मनाला परिचित असलेला आशीर्वाद हा वडीलधाऱ्यांच्या मुखातून येतो आणि आयुष्य, संतती, सौभाग्य, संपत्ती यांची इच्छा व्यक्त करतो. डोंगरावरील प्रवचनाच्या आरंभी ज्यांना धन्य म्हटले आहे ते दीन आहेत, शोक करणारे आहेत, छळ सोसणारे आहेत. तेथे दुःख हे पूर्वकर्माचे फळ म्हणून येत नाही आणि सुख हे पुण्याईचे बक्षीस ठरत नाही. ज्याचे काही उरले नाही त्याच्या निकट ईश्वर असतो, हीच तेथील धन्यता. दारिद्र्य, पोरकेपण आणि अल्पायुषी अपत्यांचा शोक अनुभवलेल्या वाचकाला ही मांडणी केवळ तात्त्विक वाटली नसणार, हे उघड आहे.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या दृष्टीने हा अनुग्रहाचा क्षण होता. लक्ष्मीबाईंच्या दृष्टीने तो वज्राघात होता. पती हयात असताना संसार मोडला. पदरी १८९१ साली जन्मलेला देवदत्त, नातेवाइकांचा आश्रय, लोकांच्या नजरा आणि सोवळ्याओवळ्याचे काटेकोर जग. सुमारे साडेचार वर्षे हा वियोग टिकला. एकाला लाभलेल्या आशीर्वादाचे मोल दुसऱ्याने दुःखाच्या रूपाने का चुकवावे, हा प्रश्न येथे उभा राहतो. टिळकांच्या त्यागाचा गौरव करताना बहुतेक चरित्रपर लेखन या प्रश्नाला ओझरता स्पर्श करून पुढे जाते. वस्तुतः टिळकांनी स्वेच्छेने पत्करलेले दुःख आणि लक्ष्मीबाईंवर लादले गेलेले दुःख यांत मूलभूत भेद आहे. पहिल्याला क्रूसाचा आदर्श होता. दुसऱ्याला त्या वेळी कोणताच आधार नव्हता.

लक्ष्मीबाई पुढे पतीकडे परतल्या, त्या मत बदलून नव्हे. प्रारंभी त्यांनी आपला आचार वेगळा ठेवला. माणसामाणसांतील उच्चनीचता ईश्वरनिर्मित असू शकत नाही, हा विचार राहुरीच्या वास्तव्यात त्यांना स्वतःच्या बुद्धीने पटला आणि सोवळ्याचे बंधन गळून पडले. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर दुष्काळाने पोरक्या झालेल्या मुलांना त्यांच्या घरात जागा मिळाली. ज्या दुःखाने त्यांना समाजापासून तोडले होते, त्यानेच त्यांना परक्याच्या दुःखापर्यंत नेले. ख्रिस्ती श्रद्धेतील दुःखभोगाचा जो अर्थ टिळकांच्या काव्यात भावरूपाने येतो, तो लक्ष्मीबाईंच्या जीवनात कृतिरूपाने दिसतो.

अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनच्या कार्यात टिळकांनी धर्मशिक्षणाचे काम केले. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून अखेरपर्यंत 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे होते. मराठी ख्रिस्ती उपासनेत परकीय चालींची भाषांतरित गीते प्रचलित होती. टिळकांनी शंभराहून अधिक भक्तिगीते रचून तिला अभंगाचे वळण दिले. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची धारणा होती. या धारणेचा दुःखविचाराशी निकटचा संबंध आहे. दुष्काळ, दिवाळे आणि प्रियजनांचे मृत्यू यांना तुकोबांनी भक्तीची संधी मानले. ती दृष्टी टिळकांनी आत्मसात केली होती. मात्र तुकोबांच्या अनुभवात दुःख प्रपंचाचा पाश सोडवते; ख्रिस्ती श्रद्धेत ईश्वर स्वतः दुःख भोगतो. भक्ताचे दुःख हा म्हणून ईश्वराच्या दुःखातील सहभाग ठरतो. टिळकांच्या भक्तिकाव्याचे वेगळेपण या सूक्ष्म स्थित्यंतरात आहे.

आयुष्याच्या अखेरीस, १९१७ मध्ये, मिशनचे वेतन सोडून त्यांनी सातारा येथे 'देवाचा दरबार' या नावाने बंधुसंघाची कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात अभिप्रेत होते. धर्मांतरितांना आर्थिक लाभाचे आमिष असते, या आक्षेपाला त्यांनी दिलेले हे उत्तर वादविवादाचे नव्हते, आचरणाचे होते. ५ मे १९१८ रोजी त्यांच्या घरात पुत्रवत वावरलेल्या बालकवींचा रेल्वे अपघातात अंत झाला आणि पुढच्याच वर्षी, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत टिळकांचे निधन झाले. १९०९ मध्ये आरंभिलेले 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले होते.

त्या महाकाव्याचा फार मोठा भाग लक्ष्मीबाईंनी रचला. १९३४ ते १९३६ या काळात 'स्मृतिचित्रे' चार भागांत प्रसिद्ध झाली. या आत्मकथनात पतीविषयीचे प्रेम आहे, तसेच त्याच्या अविचाराने सोसावे लागलेल्या यातनांचा स्पष्ट उल्लेखही आहे. कटुता नाही, पण विस्मृतीही नाही. दुःखाला आशीर्वाद म्हणून सजवण्याचा मोह लक्ष्मीबाईंनी टाळला, हे त्यांच्या लेखनाचे नैतिक सामर्थ्य होय. टिळकांच्या जीवनाचा अन्वयार्थ याच ठिकाणी पूर्णत्वास जातो. दुःख स्वतः धन्य नसते आणि ते दुसऱ्यावर लादण्याचा अधिकार श्रद्धेलाही नसतो. दुःखातून जो माणूस दुसऱ्या दुःखिताजवळ जाऊन पोहोचतो, त्याच्या ठायी धन्यता प्रकटते. मराठी ख्रिस्ती साहित्याच्या अभ्यासात टिळकांची भक्तिगीते आणि लक्ष्मीबाईंचे आत्मकथन स्वतंत्रपणे वाचण्याची रीत आहे. ती दोन्ही एकाच श्रद्धानुभवाच्या परस्परपूरक संहिता म्हणून वाचली, तरच या अनुभवाची खोली अभ्यासकाच्या हाती लागते.