मुलांचे न्यायाधीश : बेन लिंडसी

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याची राजधानी डेन्व्हर. १९०१ सालच्या सुमाराची गोष्ट. तेथील न्यायालयात फर्निचरच्या मालकीविषयीचा एक कंटाळवाणा दावा चालला होता. मध्येच सरकारी वकिलांनी विनंती केली की, चोरीचे एक लहानसे प्रकरण आहे, तेवढे आधी उरकून घ्यावे. न्यायाधीशांनी मान डोलावली. एका लहान मुलाला पुढे उभे करण्यात आले. त्याने रेल्वेच्या रुळांवरचा कोळसा चोरला होता. पुरावा स्पष्ट होता आणि कायदाही स्पष्ट होता. न्यायाधीशांनी त्याला सुधारशाळेत पाठविण्याचा हुकूम दिला. तोच न्यायालयाच्या मागील बाजूने काळीज चिरणारा हंबरडा ऐकू आला. त्या मुलाची आई भिंतीवर डोके आपटून घेत होती.

हे तरुण न्यायाधीश म्हणजे बेन लिंडसी. आपल्या हातून कायद्याप्रमाणे घडले, तरी काहीतरी चुकले, असे त्यांना तत्क्षणी वाटले. त्यांनी हुकूम तहकूब ठेवला आणि त्याच रात्री ते त्या मुलाचे घर शोधत गेले. दोन खोल्यांचे खोपटे होते. बाप धातू गाळण्याच्या कारखान्यात काम करणारा. शिशाचे विष अंगात भिनून तो अंथरुणाला खिळलेला. घरात तान्हे मूल. बाहेर हाडे गोठविणारी थंडी. घरात ऊब राहावी म्हणून त्या पोराने कोळसा वेचला होता. खटल्याच्या कागदांत ह्यांतील एका गोष्टीचाही उल्लेख नव्हता. लिंडसींनी मुलाला सुधारशाळेत धाडले नाही. स्वतःच्या देखरेखीखाली त्याला घरीच राहू दिले.

गरिबी म्हणजे काय, हे लिंडसींना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. त्यांचा जन्म २५ नोव्हेंबर १८६९ रोजी टेनेसी राज्यातील जॅक्सन ह्या गावी झाला. पुढे ते कुटुंब डेन्व्हरला आले. बेन अठरा वर्षांचा असतानाच वडील वारले आणि घराचा भार त्याच्या कोवळ्या खांद्यांवर पडला. पहाटे वर्तमानपत्रे टाकावीत, दिवसा कचेरीत काम करावे आणि सायंकाळी झाडलोट करावी, असा त्याचा दिनक्रम होता. अंगकाठी अगदी किरकोळ. त्यात हे कष्ट. तरीही वकिलाच्या कचेरीत राहून त्याने कायद्याचा अभ्यास केला आणि १८९४ मध्ये वकिलीची सनद मिळविली.

वकिलीच्या आरंभीच्या काळात न्यायालयाने दोन आरोपींचा बचाव त्यांच्याकडे सोपविला. आरोपींना भेटावे म्हणून ते तुरुंगात गेले. पाहतात तो काय, आरोपी म्हणजे जेमतेम बारा वर्षांची दोन पोरे! मुरलेल्या गुन्हेगारांबरोबर एकाच कोठडीत बसून ती पत्ते खेळत होती. मुलांना सुधारावयाचे म्हणून आपण त्यांना चोरांच्याच शाळेत घालतो, हा विचार तेव्हापासून त्यांच्या मनातून कधीच गेला नाही.

पुढे राजकीय पक्षाच्या कामात पडून ते न्यायाधीशपदी आले. कोळशाच्या त्या प्रकरणानंतर काही दिवसांनी तीन मुलांना घरफोडीच्या आरोपाखाली आणण्यात आले. त्यांनी एका म्हाताऱ्याची कबुतरे पळविली होती. जागेची चौकशी करताना लिंडसी चमकले. लहानपणी सवंगड्यांच्या टोळीबरोबर तेही त्याच म्हाताऱ्याच्या त्याच खुराड्यावर गेले होते! मग ही मुले घरफोडे आणि आपण न्यायाधीश, हे कसे?

कोलोरॅडोत १८९९ साली शाळेसंबंधीचा एक कायदा झाला होता. त्यात वाट चुकलेल्या मुलाला गुन्हेगार न मानता सुधारण्यास योग्य असा विद्यार्थी मानण्याची सोय होती. कोणाचे तिकडे फारसे लक्ष नव्हते. लिंडसींनी नेमके तेच कलम हुडकून काढले आणि मुलांवरील सर्व तक्रारी त्याखाली आपल्याकडे पाठविण्याची व्यवस्था केली. शिकागो शहरात मुलांचे स्वतंत्र न्यायालय त्याच वर्षी सुरू झाले होते. परंतु अशा न्यायालयाचे नाव देशोदेशी नेले ते लिंडसींनी.

त्यांचे न्यायालय पाहण्यासारखे असे. ते उच्चासनावर बसत नसत; खाली मुलांच्या शेजारी बसत. ठरलेल्या शनिवारी देखरेखीखालील मुले शाळेतील शिक्षकांचा शेरा घेऊन हजर होत. हा शेरा मोहोरबंद पाकिटातून आणताना मुलांच्या मनाची काय अवस्था होत असेल, हे आम्हा शिक्षकांना चांगले ठाऊक आहे! मुलाने आपली चूक आपण सांगावी, एवढीच लिंडसींची अपेक्षा असे. मित्राचे नाव सांग, असा आग्रह ते धरीत नसत. मित्राची चहाडी न करण्यात मुलांचा जो अभिमान असतो, त्याची त्यांना कदर होती.

सुधारशाळा डेन्व्हरजवळच्या गोल्डन गावी होती. पूर्वी शिपाई मुलांना तेथे पोहोचवीत. लिंडसींनी हुकुमाचा कागद आणि गाडीभाडे मुलाच्याच हाती द्यावयाचे आणि त्याला एकट्याला पाठवावयाचे ठरविले. पोलिसांना हसू आले. परंतु शेकडो मुले अशी एकटी गेली आणि वाटेत पळून जाणारे फारच थोडे निघाले.

तुरुंगात मुलांचे हाल होतात, असे लिंडसी जाहीरपणे सांगू लागले, तेव्हा पोलिस अधिकाऱ्यांनी ते साफ नाकारले. मग लिंडसींनी राज्याचे गव्हर्नर, धर्मोपदेशक आणि इतर प्रतिष्ठित मंडळींना आपल्या दालनात बोलाविले. एका चलाख मुलाला त्यांनी त्याच्या सोबत्यांना घेऊन येण्यास सांगितले. तो बरीच मुले घेऊन आला. त्या मुलांनी कोठडीत काय पाहिले, काय सोसले, ते एकामागून एक सांगितले. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून आले. १९०३ मध्ये नवे कायदे झाले. मुलाला वाईट मार्गास लावणारा मोठा माणूस, मग तो दारूचा दुकानदार असो की जन्मदाता बाप असो, शिक्षेस पात्र ठरला.

साहजिकच धनिक कंपन्या आणि पक्षांचे पुढारी दुखावले. १९०६ मध्ये लिंडसी गव्हर्नरपदासाठी उभे राहिले आणि पडले. १९०८ मध्ये दोन्ही मोठ्या पक्षांनी त्यांना न्यायाधीशपदाची उमेदवारी नाकारली. ते अपक्ष उभे राहिले. कोलोरॅडोत स्त्रियांना १८९३ पासूनच मताधिकार होता. त्या स्त्रिया आणि मत नसलेली वर्तमानपत्रे विकणारी पोरे त्यांच्यासाठी राबली, आणि ते निवडून आले.

मुलांनी विश्वासाने सांगितलेले गुपित ते जिवापाड जपत. एका खुनाच्या खटल्यात आरोपी स्त्रीच्या मुलाने त्यांना काही सांगितले होते. १९१५ मध्ये न्यायालयाने ते उघड करण्यास फर्माविले. लिंडसींनी नकार दिला. त्यांना पाचशे डॉलर दंड झाला. तो वरच्या न्यायालयातही कायम राहिला. स्वतः न्यायाधीश असलेल्या माणसाने न्यायालयाची आज्ञा मोडावी का? हा प्रश्न सोपा नाही. तुम्ही वर्गात त्यावर अवश्य बोला.

पुढे कू क्लक्स क्लॅन ह्या वर्णद्वेषी संघटनेशी त्यांनी उघड वैर पत्करले. १९२४ ची निवडणूक त्यांनी थोडक्या मतांनी जिंकली. पण ती न्यायालयात रद्द ठरून १९२७ मध्ये त्यांना पद सोडावे लागले. जाण्यापूर्वी त्यांना एकच काळजी होती. सव्वीस वर्षांत हजारो मुलामुलींनी सांगितलेल्या गोष्टी त्यांच्या कागदपत्रांत होत्या. ते कागद विरोधकांच्या हाती पडले, तर आता संसारात स्थिरावलेल्या कितीतरी माणसांची बदनामी होणार होती. लिंडसींनी पत्नी हेन्‍रिएटा ह्यांच्यासह ते सारे कागद एका मोकळ्या जागेत नेले आणि सर्वांदेखत जाळून टाकले.

नंतरचे दिवस कठीण गेले. न्यायाधीश असताना एका प्रकरणात मोबदला घेतल्याचा ठपका येऊन १९२९ मध्ये कोलोरॅडोतील त्यांची सनद काढून घेण्यात आली. ती १९३५ मध्ये परत मिळाली. दरम्यान ते कॅलिफोर्नियात गेले आणि १९३४ मध्ये लॉस एंजेलिस येथे पुन्हा न्यायाधीश म्हणून निवडून आले. तेथे त्यांच्या खटपटीने १९३९ मध्ये एक नवा कायदा झाला. आईबाप विभक्त होऊ लागले आणि घरात लहान मुले असली, तर खटल्यापूर्वी दोघांना समोरासमोर बसवून समेट घडविण्याचा यत्न करणारे न्यायालय त्यातून निर्माण झाले. ह्या न्यायालयाचे काम लिंडसी स्वतः पाहू लागले. २६ मार्च १९४३ रोजी, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, त्यांचे निधन झाले, तेव्हाही ते न्यायाधीशपदावर होते.