फर्निचरवाल्याच्या पोराने गाडीला अलॉय व्हील बसवले आणि पहिल्याच शर्यतीत टायर सोलून निघाले

नवी गाडी घेताना शोरूममध्ये पहिला प्रश्न असतो मायलेजचा आणि दुसरा असतो, अलॉय येतात का? बेस मॉडेल घेतलं तरी लोक नंतर बाहेरून अलॉय बसवून घेतात. रविवारी सकाळी गाडी धुताना काही जण टपावर एक बादली ओततात आणि चारही चाकांपाशी तासभर बसतात. टूथब्रश घेऊन कोपऱ्यातली काळी पूड काढतात.

या चाकाचं वेड लावणारा माणूस होता एटोरे बुगाटी. आज बुगाटी म्हटलं की कोट्यवधींची गाडी आणि ताशी ४०० किलोमीटरचा वेग एवढंच आठवतं. पण या गड्याची गोष्ट सुरू होते ती खुर्च्या-कपाटांपासून.

१५ सप्टेंबर १८८१ ला मिलानमध्ये एटोरेचा जन्म झाला. वडील कार्लो बुगाटी हे फर्निचर आणि दागिन्यांचे नावाजलेले डिझायनर. धाकटा भाऊ रेम्ब्रांट प्राण्यांचे पुतळे घडवायचा. अशा घरात पोरगा कलाकार होणार हे ठरलेलंच होतं, पण एटोरेचं मन रमलं ते यंत्रात. इंजिनिअरिंगची डिग्री वगैरे काही नाही. मिलानच्या प्रिनेटी अँड स्टुकी या कारखान्यात तो काम शिकला आणि १९०१ साली त्याने केलेली गाडी मिलानच्या प्रदर्शनात गाजली. ती बघून दे दित्रिख या कंपनीने त्याला गाड्या डिझाइन करायला बोलावलं. गंमत अशी की करारावर सही वडिलांना करावी लागली, कारण पोरगा अजून सज्ञान नव्हता.

पुढे इकडेतिकडे नोकऱ्या करून त्याने अल्सास भागातल्या मोल्सहाइम गावात स्वतःचा कारखाना टाकला. तेव्हा हा भाग जर्मनीत होता, पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये आला. म्हणजे मालक इटालियन, गाव आधी जर्मन मग फ्रेंच. युद्ध चालू असतानाच १९१६ साली भाऊ रेम्ब्रांटने पॅरिसमध्ये आत्महत्या केली. एटोरेने त्याला आयुष्यभर विसरू दिलं नाही, पण त्याचं पुढे येईलच.

आता चाकाकडे येऊ.

त्या काळात शर्यतीच्या गाड्यांना सायकलसारखी तारांची चाकं असायची. हलकी, पण कटकटीची. तारा सैल व्हायच्या, एकेक ताणून चाक सरळ करावं लागायचं. गाड्यांचा वेग वाढला तसा दुसरा प्रश्न आला ब्रेकचा. ब्रेकचा ड्रम चाकाच्या आत दडलेला, तो तापला की पकड कमी व्हायची.

बुगाटीने काय केलं, तर चाक आणि ब्रेकचा ड्रम एकत्रच अॅल्युमिनियममध्ये ओतला. मधून आठ रुंद, चपट्या दांड्या. अॅल्युमिनियम उष्णता झटकन ओढून घेतं आणि चाक फिरताना या चपट्या दांड्यांवरून वारा खेळता राहतो, म्हणून ब्रेक लवकर गार होतो. शिवाय चाक काढलं की ड्रमही सोबत निघून यायचा, आणि मेकॅनिकला ब्रेकचे शू समोर उघडे दिसायचे. टायर बदलता बदलता ब्रेकची तपासणी फुकटात. आणि हे सगळं दिसायलाही देखणं. कार्लोचा पोरगा होता, कुरूप वस्तू त्याच्या हातून बाहेर पडायचीच नाही.

ही चाकं लावून टाइप ३५ गाडी तयार झाली आणि ऑगस्ट १९२४ मध्ये ल्याँच्या ग्रां प्रीला उतरली. बुगाटीने थाट असा केला की जणू घरचं लग्न. गाड्या मोल्सहाइमहून रस्त्यानेच चालवत नेल्या. माणसांसाठी भलामोठा तंबू, खाली लाकडी जमीन, झोपायला पलंग. निळ्याशार पाच गाड्या, घोड्याच्या नालेच्या आकाराचा रेडिएटर आणि ती चकचकीत चाकं. लोक बघतच राहिले.

आणि शर्यत सुरू झाल्यावर टायर सोलून निघायला लागले.

खास या गाडीसाठी बनवून घेतलेल्या टायरांचं रबर नीट भाजलं गेलं नव्हतं. वरचा थर सुटून उडायचा. एकामागून एक गाडी टायर बदलायला थांबू लागली. अल्फा रोमिओची पी२ जिंकली, बुगाटीचा सर्वात चांगला नंबर सातवा आला. नवीन चाक घेऊन आलेल्या माणसाची सगळ्या जगासमोर चाकाशीच फजिती झाली होती. दुसरा कुणी असता तर गुपचूप तारांच्या चाकांवर परत गेला असता.

बुगाटीने चाक बदललं नाही, टायर बदलले. पुढच्याच महिन्यात सॅन सेबास्टियनला त्याची गाडी दुसरी आली. मग १९२५ ते १९२९ सिसिलीच्या डोंगरातली टार्गा फ्लोरिओ शर्यत सलग पाच वर्षं बुगाटीने मारली. १९२९ ची पहिली मोनॅको ग्रां प्रीसुद्धा टाइप ३५ नेच जिंकली. गाडी बाजारात विकतही मिळायची, त्यामुळे हौशी लोक ती घेऊन थेट शर्यतीला उतरायचे.

हाच हट्ट त्याला नडलाही. बाकीच्यांनी ब्रेकसाठी तेलाच्या दाबाची पद्धत घेतली तरी बुगाटी वर्षानुवर्षं केबलचेच ब्रेक देत राहिला. १९३८ च्या सुमारास कुठे तो बदलला. राजेरजवाड्यांसाठी त्याने रॉयाल नावाची अवाढव्य गाडी काढली, १२.७ लिटरचं इंजिन, चाकं अर्थातच अॅल्युमिनियमची. बनल्या फक्त ६ आणि गिऱ्हाइकांनी घेतल्या त्यातल्या ३. मंदीने पुरतं कंबरडं मोडलं. उरलेली इंजिनं त्याने रेल्वेच्या डब्यांना लावली आणि कारखाना त्यावर तगला. रॉयालच्या रेडिएटरवर मात्र मागच्या पायांवर उभा राहिलेला एक हत्ती होता. तो रेम्ब्रांटच्या पुतळ्यावरून घेतलेला.

१९३६ साली कामगारांनी संप केला. आपण यांना घरच्यासारखं वागवलं असं मानणाऱ्या बुगाटीला तो वर्मी लागला आणि तो पॅरिसला निघून गेला. कारखाना मुलगा जाँ सांभाळू लागला. ११ ऑगस्ट १९३९ ला जाँ कारखान्याजवळच्याच रस्त्यावर शर्यतीची गाडी तपासत होता. अचानक समोर सायकलस्वार आला, त्याला वाचवताना गाडी झाडावर गेली आणि जाँ गेला. वय अवघं ३०. मग दुसरं महायुद्ध, कारखाना जर्मनांच्या ताब्यात, नंतर तो परत मिळवायला कोर्टकचेऱ्या. २१ ऑगस्ट १९४७ ला एटोरे बुगाटी वारला.

चाकं मात्र अजून आहेत. फ्रान्समधल्या म्युलूजच्या संग्रहालयात रांगेने बघायला मिळतात, आणि ज्यांच्याकडे अस्सल टाइप ३५ आहे त्यांची खरी डोकेदुखी तीच असते. ओतीव अॅल्युमिनियमला हादरे खाऊन खाऊन बारीक भेगा पडतात, त्या डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून चाकावर लाल रंगाचा पातळ द्रव लावतात, पुसतात आणि वर पांढरी पावडर मारतात. भेग असेल तर आत मुरलेला रंग पावडरीवर उमटतो. स्टीलचा स्क्रू जिथे अॅल्युमिनियमला टेकतो तिथे ओल धरली की पांढरी भुकटी निघते, धातू आतून खाल्ला जातो. सफाईला तीव्र अॅसिड किंवा कॉस्टिक कुणी जवळ आणत नाही, कारण मळ निघतोच पण खालचा धातूही विरघळतो. पॉलिशही जपून, कारण प्रत्येक पॉलिशला थोडं अॅल्युमिनियम जातं.

आपल्या दारातल्या अलॉयवर पारदर्शक लाखेचा थर असतो, त्यामुळे काम सोपं. चाक गार झाल्यावर भरपूर पाणी, गाडीचा साधा शांपू आणि मऊ ब्रश, एवढं पुरतं. तापलेल्या चाकावर अॅसिडवालं क्लीनर मारलं की डाग कायमचा. फुटपाथला घासून लाख उडाली तर पाणी आत शिरून पांढऱ्या नागमोडी रेषा पसरायला लागतात, आणि मग पूर्ण थर काढून नव्याने रंग मारण्यावाचून इलाज नसतो.

टाइप ३५ च्या मालकांनी वेगळीच वाट काढली आहे. रस्त्यावर फिरायला त्याच नमुन्याची नवी ओतलेली चाकं लावायची आणि बुगाटीच्या कारखान्यातून आलेली जुनी चाकं घरात फळीवर ठेवायची.