देवगंधर्वांच्या चाली

गेल्या गणेशोत्सवात आमच्या रिहे गावी मिरवणुकीत एक नवे गाणे वाजत होते. यंत्रावरच्या दणदणाटातून मध्येच एका जुन्या गायिकेचा आवाज यायचा, चार सूर म्हणायचा आणि कापल्यासारखा थांबायचा. तो तुकडा कोणाच्या गाण्यातला, हे वाजविणाऱ्या पोरांपैकी एकालाही सांगता आले नाही. जुन्यातून असे नवे गाणे करणे ही चोरी की वारसा, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात घोळत राहिला. आणि त्याच्या मागे लागल्यावर एकच नाव पुनःपुन्हा समोर येऊ लागले, गायनाचार्य भास्करबुवा बखले. गंमत अशी की, बुवांच्या गाण्याची एकही तबकडी आज उपलब्ध नाही.

बुवांचा जन्म १७ ऑक्टोबर १८६९ चा, बडोदे संस्थानातील कठोर गावचा. घरची गरिबी, पण गळा असा की, पोरवयातच ते किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले. प्रसिद्ध बीनकार बंदे अली खाँ यांच्याकडूनही त्यांना या वयात तालीम मिळाली. पुढे वयोमानाप्रमाणे आवाज फुटला आणि कालपर्यंत टाळ्या घेणारा मुलगा कंपनीला नकोसा झाला. दुसरा एखादा खचून गेला असता. बुवांनी मात्र गुरूचे दार धरले. बडोद्याला फैज महंमद खाँ यांच्याकडे ग्वाल्हेरची गायकी, मग नत्थन खाँ यांच्याकडे आग्र्याची, आणि स्वतःचे नाव झाल्यावरसुद्धा अल्लादिया खाँ यांच्याकडे जयपूरची. तीन घराण्यांची विद्या एका गळ्यात! त्या काळी चीज म्हणजे खानदानी दागिना. तो बाहेरच्याला दाखवायचासुद्धा नाही, मग द्यायचा कुठला? एकेक चीज पदरात पाडून घेण्यासाठी शिष्याला वर्षानुवर्षे सेवा करावी लागे.

इतक्या कष्टाने मिळविलेल्या या धनाचे बुवांनी काय केले? ते नाटकाच्या तिकिटावर वाटून टाकले.

१९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली आणि १० डिसेंबर १९१६ रोजी तिने खाडिलकरांचे 'स्वयंवर' रंगभूमीवर आणले. त्यापूर्वी १९११ साली 'मानापमाना'त गोविंदराव टेंबे यांनी ठुमरी-कजरीच्या वळणाच्या पूरबी चाली आणून प्रेक्षकांना वेड लावले होतेच. बुवांनी 'स्वयंवरा'त थेट रागदारीला हात घातला. यमन, बिहाग, भीमपलास अशा रागांतील बंदिशींचे साचे घेतले, त्यांचा विस्तार आवरला, मुखडा ठसठशीत ठेवला आणि ते सारे बालगंधर्वांच्या गळ्यावर बेतले. चाल आधी आणि शब्द मागून, असा हा व्यवहार. म्हणूनच खाडिलकरांची काही पदे नुसती वाचताना अडखळतात, हे मराठीच्या तासाला बसणाऱ्यांनी मनमोकळेपणाने कबूल करावे. पण तीच गायिली की अडखळ कुठल्या कुठे जाते. ज्या माणसाने जन्मात कधी मैफल ऐकली नव्हती, तो पिटात बसून यमन गुणगुणू लागला.

उस्तादांचा हा विश्वासघात झाला का? मला तसे वाटत नाही. बुवांनी उगमावर पडदा टाकला नाही. संगीत नाटकाच्या छापील पुस्तकात पदाच्या माथ्यावर राग, ताल आणि 'चाल' म्हणून मूळ चीजेचे पहिले शब्द देण्याची आपल्याकडे पद्धतच होती. उसनवारीची पावती वाचकाच्या हातात! 'एकच प्याला'च्या पदांना पुण्याच्या सुंदराबाईंच्या चाली मिळाल्या, हेही नाट्यरसिकांत कधी लपून राहिले नाही. उलट, २००२ साली एका अमेरिकन गाण्यात लताबाईंच्या १९८१ च्या एका हिंदी चित्रगीताचा ध्वनिमुद्रित तुकडा जसाच्या तसा वापरला गेला. संगीतकार बप्पी लाहिरी यांचे नाव त्यावर नव्हते, आणि प्रकरण कोर्टात गेले.

अर्थात, चाल घेणे आणि आवाजच कापून घेणे यांत फरक आहे. चाल घेणाऱ्याला ती आधी स्वतःच्या गळ्यात मुरवावी लागते. भारतात १९०२ साली तबकड्यांसाठी ध्वनिमुद्रण सुरू झाले होते. बुवांच्या हयातीत तबकड्यांचा चांगलाच सुळसुळाट झाला होता. तरी त्यांचा आवाज त्या तीन मिनिटांच्या पेटीत शिरला नाही. बालगंधर्वांच्या तबकड्या मात्र घरोघर गेल्या आणि त्यांवरून बुवांच्या चाली गेल्या. कर्णा बालगंधर्वांचा, पण वळण बुवांचे. हे कित्येक ऐकणाऱ्यांच्या गावीही नसेल.

पुण्यात १९११ साली बुवांनी स्थापन केलेल्या भारत गायन समाजात शिकविणे चालूच होते. १९२० साली 'द्रौपदी' आले, पण 'स्वयंवरा'ची जादू पुन्हा जमली नाही, असे माझे मत. ८ एप्रिल १९२२ रोजी पुण्यातच, अवघ्या बावन्नाव्या वर्षी, देवगंधर्व गेले. गंधर्व मंडळीला चाली देण्याचे काम त्यांचे शिष्य मास्तर कृष्णराव यांच्याकडे आले. १९३१ सालच्या 'कान्होपात्रा'तले अभंग त्यांचेच. पुढे २०११ साली 'बालगंधर्व' चित्रपट निघाला, तेव्हा जुन्या तबकड्यांचे तुकडे जोडले नाहीत. आनंद भाटे यांनी ती पदे नव्याने गायिली.

यंदा मिरवणुकीत ते गाणे पुन्हा लागले. आजोबा ओट्यावर बसले होते. तुकडा संपला आणि दणदणाट सुरू झाला, तरी उरलेली ओळ ते हळू आवाजात एकटेच पुरी करीत होते.