सिमला ऑफिसचे वॉकरसाहेब

पुण्याला कोणीच नातेवाईक नाही असे मराठी कुटुंब आपल्या धारवाडात शोधूनही सापडायचे नाही. शिवाजीनगर भागात जाणे-येणे असणाऱ्या प्रत्येकाने तिथले सिमला ऑफिस हे नाव ऐकलेले असते. पुण्यात सिमला कुठून आला, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. हिंदुस्थानच्या हवामान खात्याचे मुख्य कार्यालय पूर्वी सिमल्याला होते. १९२८ साली ते पुण्यात हलले आणि लोकांनी त्याचे माहेरचे नाव तसेच चालू ठेवले. पुढे मुख्यालय दिल्लीला गेले, नाव मात्र पुण्यातच राहिले.

यंदाच्या स्मरणिकेत ज्यांचे चरित्र आम्ही सांगणार आहोत, ते सर गिल्बर्ट वॉकर या खात्याचे वीस वर्षे प्रमुख होते. पुण्याच्या कार्यालयात बसण्याचा योग त्यांना आला नाही. खाते तिथे येण्यापूर्वी चार वर्षे ते निवृत्त झाले होते. तरीही आज पावसाचा अंदाज जाहीर होताना एल निनोचा उल्लेख येतो, त्याची मुळे या माणसाच्या टेबलापाशी जाऊन पोचतात.

आपल्या मुलखाला पाऊस म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. धारवाडच्या पश्चिमेला अळणावर-कलघटगीकडे मलनाडची हिरवळ, तर पूर्वेला नवलगुंदकडे काळी कोरडवाहू जमीन. मृगाने दगा दिला तर खरीप गेला आणि हस्ताने पाठ फिरवली तर रब्बीचा जोंधळा-हरभरा गेला. १८७६ सालच्या दुष्काळात तेव्हाच्या मुंबई इलाख्यातले धारवाड, बेळगाव, कलादगी हे जिल्हे होरपळून निघाले. त्याच्या आदल्याच वर्षी, १८७५ मध्ये, हवामान खाते स्थापन झाले होते. पहिले प्रमुख ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातल्या बर्फावरून पावसाचा अदमास बांधायला सुरुवात केली. त्यांच्यानंतर आलेल्या इलियट यांनी १८९९ साली चांगल्या पावसाचा अंदाज दिला आणि त्याच वर्षी देशाच्या मोठ्या भागात भीषण दुष्काळ पडला. खात्यावर टीकेची झोड उठली. अशा वेळी, १९०४ साली, वॉकर यांच्याकडे सूत्रे आली.

गिल्बर्ट थॉमस वॉकर यांचा जन्म १४ जून १८६८ रोजी इंग्लंडमधील रॉचडेल येथे झाला. वडील अभियंता. लंडनच्या सेंट पॉल्स शाळेतून ते केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गेले आणि १८८९ साली गणिताच्या परीक्षेत पहिले आले. अतिश्रमाने प्रकृती ढासळली, तेव्हा काही हिवाळे स्वित्झर्लंडमध्ये काढावे लागले. तिथे बर्फावर स्केटिंग करण्याचा नाद लागला. बासरीची रचना, पक्ष्यांचे उडणे, फेकल्यावर परत येणारे बूमरँग, कुठलीही वळणे घेणारी वस्तू दिसली की ते तिच्यामागचे गणित शोधत. केंब्रिजमध्ये त्यांचे टोपणनावच बूमरँग वॉकर पडले होते. सिमल्याच्या ॲनाडेल मैदानावरही ते बूमरँग फेकत.

आश्चर्य असे, की खात्याचा कारभार हाती घेताना हवामानशास्त्राचे रीतसर शिक्षण त्यांच्याकडे नव्हते. ते शुद्ध गणिती. पण त्यांनी एक गोष्ट नेमकी ओळखली. वाऱ्याची समीकरणे मांडून पुढच्या पावसाळ्याचे उत्तर काढणे त्या काळी कोणालाही शक्य नव्हते. मग उत्तर जुन्या नोंदींनाच विचारायचे. जगभरातील वेधशाळांचे दाब, तापमान आणि पाऊस यांचे आकडे त्यांनी मागवले. खात्यातील हिंदी कारकुनांना ओळीने बसवले आणि एका ठिकाणच्या आकड्यांचा दुसऱ्या ठिकाणच्या, नंतरच्या महिन्यांतल्या आकड्यांशी कितपत मेळ बसतो, हे हाताने काढायला लावले. संगणक नव्हता, हे कारकूनच संगणक होते. आम्हीही सरकारी नोकर, आकड्यांचे तक्ते भरण्यात आमचीही वर्षे गेली. त्यामुळे मोठ्या साहेबाच्या नावावर चढलेल्या शोधामागे किती जणांची बोटे शाईने माखली असतील, याची आम्हाला थोडीफार कल्पना आहे.

या पद्धतीतला धोका वॉकर यांनी स्वतःच ओळखला होता. पंचांगात प्रत्येक नक्षत्राचे वाहन दिलेले असते: बेडूक, म्हैस, कोल्हा. बेडूक आला की पाऊस चांगला, असे आपण म्हणतो. आता अशा वीस खुणा घेऊन वीस वर्षांच्या पावसाशी ताडून पाहिल्या, तर एखादी खूण निव्वळ योगायोगानेही बरोबर ठरेल. तिला शास्त्र म्हणायचे का? शेकडो मेळ काढल्यावर त्यातला सर्वांत मोठा आकडा किती मोठा असला म्हणजे तो योगायोग नव्हे, याची कसोटी वॉकर यांनी १९१४ साली घालून दिली. ज्याच्याकडून लोक ठाम उत्तराची अपेक्षा करतात, त्यानेच आपल्या उत्तरावर असा पहारा बसवावा, हे आम्हाला त्यांचे सर्वांत मोठे काम वाटते.

गुणी माणूस ओळखण्याची नजरही त्यांच्याकडे होती. १९१३ च्या फेब्रुवारीत ते मद्रासला गेले असता पोर्ट ट्रस्टमध्ये महिना तीस रुपयांवर काम करणाऱ्या एका कारकुनाच्या वह्या त्यांना दाखवण्यात आल्या. तो कारकून म्हणजे श्रीनिवास रामानुजन. हे गणित आपल्या प्रांतातले नाही, पण त्याचे मोल थोर आहे, हे वॉकर यांनी जाणले आणि मद्रास विद्यापीठाला लिहून शिष्यवृत्तीची शिफारस केली. रामानुजन यांना दोन वर्षे महिना पंचाहत्तर रुपये मंजूर झाले व नोकरीच्या रगाड्यातून त्यांची सुटका झाली.

आता मूळ शोधाकडे येऊ. आकड्यांच्या त्या डोंगरातून तीन मोठे हेलकावे वर आले. पहिला दक्षिणेकडचा. प्रशांत महासागरावर हवेचा दाब वाढला की हिंदी महासागरावर तो उतरतो आणि तिकडे उतरला की इकडे चढतो, तराजूच्या पारड्यांसारखा. त्याला वॉकर यांनी दक्षिणी आंदोलन असे नाव दिले. दुसरा उत्तर प्रशांत महासागरावरचा आणि तिसरा उत्तर अटलांटिकवरचा. या तिसऱ्याचा जोर हिवाळ्यात असतो. आइसलंडजवळ हवेचा दाब कमी आणि अझोर्स बेटांजवळ जास्त असतो. या दोहोंतला फरक वाढला की महासागरावरून पूर्वेकडे वाहणारे वारे जोराने युरोपावर चाल करून जातात; उत्तर युरोपात हिवाळा उबदार व ओला जातो आणि भूमध्य समुद्राकडे कोरडा. फरक घटला की वारे मंदावून दक्षिणेकडे सरकतात, उत्तरेकडे कडाक्याची थंडी पडते आणि पाऊस भूमध्य समुद्राच्या बाजूला जातो. डेन्मार्कची थंडी आणि ग्रीनलंडची थंडी एकमेकींच्या उलट वागतात, हे खलाशी व मिशनरी लोकांना आधीही ठाऊक होते. त्याला आकड्यांचा पाया आणि नाव मिळाले ते १९२४ च्या सुमारास, तेही हिंदुस्थानच्या पावसाचा माग काढताना!

हे असे का होते, ते मात्र वॉकर सांगू शकले नाहीत आणि टीकाकारांनी नेमके तिथेच बोट ठेवले. कारण सांगता येत नसेल तर नुसत्या मेळाला काय अर्थ? अंदाजांचीही धाव अपुरी पडत होती. हिमालयातले बर्फ, मॉरिशसचा आणि दक्षिण अमेरिकेचा हवेचा दाब, झांझिबारचा पाऊस यांवरून त्यांनी सूत्रे बसवली, द्वीपकल्पाचा हिशेब वेगळा मांडून पाहिला. पण दुष्काळाची खात्रीची आगाऊ सूचना देणारे सूत्र काही हाती लागले नाही. ज्या कामासाठी ते वीस वर्षे झटले, ते अर्धेच राहिले.

उत्तरे मागाहून आली. १९३९ साली मूळचे स्वीडनचे रॉस्बी यांनी दाखवले, की उंचावरून पूर्वेकडे धावणाऱ्या वाऱ्याच्या प्रवाहात हजारो किलोमीटर लांबीच्या लाटा असतात. उंच पर्वतांच्या अडथळ्याने आणि जमीन व समुद्र यांच्या तापमानातील फरकाने या लाटा उठतात. आपण कारवारच्या किनाऱ्यावर लाट फुटताना पाहतो. ती फुटताना आपल्यातला जोर पाण्याला देते आणि पाणी वाळूवर चढते. हवेतली लाटही अशीच वाढते, कलते आणि फुटते. फुटताना ती आपला जोर मुख्य प्रवाहाला देते किंवा त्याचा जोर काढून घेते. कोणत्या बाजूला कलून ती फुटली, त्यावर प्रवाह उत्तरेकडे सरकणार की दक्षिणेकडे, हे ठरते. अशा लाटा एकामागून एक एकाच वळणाने फुटत राहिल्या, की साऱ्या अटलांटिकचा हिवाळी वारा जागा बदलतो. वॉकर यांच्या कारकुनांनी कागदावर पकडलेला तिसरा हेलकावा तो हाच.

दक्षिणी आंदोलनाचे कोडे १९६९ साली ब्यर्कनेस यांनी उलगडले. प्रशांत महासागराचे पाणी कुठे तापते, त्यावर वरची हवा कुठे चढणार आणि कुठे उतरणार हे ठरते. या फेऱ्याला त्यांनी वॉकर यांचे नाव दिले. वॉकरसाहेब जाऊन तेव्हा अकरा वर्षे झाली होती.

१९२४ साली निवृत्त होताना त्यांना सर हा किताब मिळाला. पुढे दहा वर्षे त्यांनी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात हवामानशास्त्र शिकवले. ४ नोव्हेंबर १९५८ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यांची परंपरा इथे थांबली नाही. १९८८ साली आपले वसंतराव गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा घटकांवरून मोसमी पावसाचा अंदाज देणारे सूत्र तयार केले. घराणे वॉकर यांचेच. ते बरीच वर्षे उपयोगी पडले. २००२ च्या दुष्काळाने त्यालाही चकवले आणि मग नवी सूत्रे आली. आता मोठ्या संगणकांवर समुद्र आणि हवा यांची समीकरणे सोडवली जातात, तरीही अंदाज टक्क्यांत आणि शक्यतेत सांगितला जातो. सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के पावसाला सामान्य म्हणतात. हा आकडा साऱ्या देशाचा असतो. त्यात कलघटगीला महापूर आणि नवलगुंदला कोरडे आभाळ, दोन्ही बसू शकतात.

म्हणून वाचकहो, अंदाज चुकला की खात्याची थट्टा करण्यापूर्वी या माणसाची आठवण ठेवावी. पेरणीसाठी बी-बियाणे घेऊन बसलेल्या शेतकऱ्याला खोटा दिलासा देण्यापेक्षा आपल्याला किती कळते आणि किती कळत नाही, हे आकड्यात सांगणे अधिक उपकाराचे, हा धडा त्यांनी घालून दिला. बुद्धीची देवता म्हणून आपण गणरायाला पुजतो. त्याच्या चरणी या वर्षी एवढेच मागणे: हस्ताचा पाऊस वेळेवर पडो, आणि आपल्या घरातल्या एखाद्या मुलाला अगर मुलीला या अपुऱ्या हिशेबाची गोडी लागो.